एका देशात दोन सैन्ये: सुदानची लोकशाही कशी निसटली

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी उत्तर दारफूरची राजधानी अल-फाशर पडली. जवळजवळ दीड वर्ष वेढ्यात अडकलेल्या या शहराचा ताबा ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ म्हणजेच आरएसएफ या निमलष्करी दलाने घेतला. त्यानंतरच्या काही दिवसांत तेथे जे घडले ते जगाने मुख्यतः दोन मार्गांनी पाहिले: उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतून, आणि मारेकऱ्यांनी स्वतःच आपल्या मोबाइलवर चित्रित केलेल्या दृश्यांतून. शहरातील सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण व त्यांचे नातेवाईक मिळून ४६०हून अधिक माणसे मारली गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

अमिरातीत राहणाऱ्या मराठी वाचकाला ही बातमी दूरची वाटू नये, याला तीन कारणे आहेत. येथील रुग्णालयांत, बँकांत आणि अभियांत्रिकी कंपन्यांत आपल्या शेजारच्या मेजावर सुदानी सहकारी बसतात, आणि त्यांपैकी अनेकांचे घर आता फक्त व्हॉट्सॲपवरच्या आवाजांत उरले आहे. दुसरे कारण सोन्याचे. त्याविषयी पुढे सविस्तर. तिसरे अधिक अवघड आहे. ज्या देशात आपण नोकरी करतो, मुले वाढवतो, त्या देशाचे नाव या युद्धाच्या चर्चेत वारंवार येते. आरोप काय आहेत, अमिरातीचे उत्तर काय आहे आणि न्यायालयाने नेमके काय म्हटले, हे वेगवेगळे करून पाहण्याची सवय आपल्या चर्चांत फारशी दिसत नाही. एक तर विषय टाळला जातो, किंवा समाजमाध्यमांवरील एखाद्या ओळीत तो उरकला जातो.

मूळ प्रश्न मात्र सुदानचा आहे. २०१९मध्ये ज्या जनतेने तीस वर्षे सत्तेवर असलेला हुकूमशहा नि:शस्त्र आंदोलनाने खाली खेचला, तिच्या वाट्याला चार वर्षांत हे युद्ध कसे आले? ‘टोळ्यांची जुनी भांडणे’ हे एक सोपे उत्तर दिले जाते. ‘दोन सेनापतींची खुर्चीसाठी मारामारी’ हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. सुदानच्या शासनाने अनेक दशके आपली हिंसा कंत्राटाने दिली. ज्यांना ती दिली त्यांची स्वतःची तिजोरी तयार झाली. लोकशाहीचा करार करताना तिजोरी व बंदूक दोन्ही त्यांच्याच हाती राहिल्या. वांशिक द्वेष हा त्या कंत्राटाचा दारूगोळा होता. तो आपोआप पेटला नाही, वेळोवेळी पेटवला गेला.

पहिली निवडणूक आणि एक भारतीय आयुक्त

सुदानशी आपले नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमट असलेली मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानच्या तत्कालीन सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेले सत्तर हजार पौंड या वास्तूसाठी वापरले गेले. पुणेकरांनी ती इमारत लांबून शेकडो वेळा पाहिलेली असते. नावाचा उगम ठाऊक असलेले थोडेच.

दुसरा धागा निवडणुकीचा. १९५३च्या अखेरीस, ब्रिटिश-इजिप्शियन संयुक्त अंमल संपत असताना, सुदानमध्ये पहिली संसदीय निवडणूक झाली. तिच्या आयोगाचे अध्यक्ष होते सुकुमार सेन. भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त ते हेच. निरक्षर मतदार, विखुरलेली वस्ती, भटके समाज, अनेक भाषा या अडचणी त्यांना नव्या नव्हत्या. त्या निवडणुकीतून इस्माईल अल-अझहरी यांचे सरकार आले आणि १ जानेवारी १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला. तीन वर्षेही पुरी होण्याआधी, नोव्हेंबर १९५८मध्ये, लष्कराने सत्ता घेतली.

पुढचा इतिहास विलक्षण आहे, आणि ‘अरब वसंता’च्या गोष्टी सांगताना तो सहसा वगळला जातो. सुदानी जनतेने ऑक्टोबर १९६४मध्ये एक लष्करी राजवट संप व मोर्चांनी हटवली, आणि एप्रिल १९८५मध्ये दुसरी. दोन्ही वेळा निवडणुका झाल्या, दोन्ही वेळा काही वर्षांत पुन्हा रणगाडे आले: १९६९मध्ये जाफर निमेरी, १९८९मध्ये ओमर अल-बशीर. हुकूमशहा कसा हटवावा हे या समाजाला चांगले ठाऊक आहे. पुढे बंदुकीचा मालक कोण, हा प्रश्न प्रत्येक वेळी अनुत्तरित राहिला.

कंत्राटी बंदूक

खार्तूम आणि नाईलकाठचा मध्य प्रदेश एकीकडे, आणि दक्षिण, पश्चिम व पूर्वेचे विस्तीर्ण सीमाभाग दुसरीकडे, अशी सुदानची रचना वसाहतकाळापासूनच विषम होती. शाळा, रस्ते, कालवे, सरकारी नोकऱ्या नाईलकाठी. सैन्यातील साधे शिपाई मात्र मोठ्या प्रमाणावर सीमाभागांतून. दक्षिणेशी पहिले यादवी युद्ध १९५५ ते १९७२ चालले, दुसरे १९८३ ते २००५. त्या दुसऱ्या युद्धात खार्तूमने एक युक्ती शोधली. नियमित सैन्य महाग पडते, आणि सीमाभागांतील शिपाई आपल्याच लोकांवर गोळ्या झाडायला कचरतात. मग गुरे राखणाऱ्या अरब जमातींतील तरुणांना बंदुका द्याव्यात, लूट हाच त्यांचा पगार ठरवावा आणि दिंका गावांवर त्यांना सोडावे. ‘मुराहिलीन’ नावाची ही पथके सादिक अल-महदी यांच्या निवडून आलेल्या सरकारच्या काळातही कार्यरत होती. म्हणजे दोष फक्त गणवेशधाऱ्यांचा नाही. मतपेटीतून आलेल्यांनीही या सोयीचा मोह टाळला नाही.

२००३मध्ये दारफूरमध्ये बंड झाले तेव्हा बशीर यांनी हाच नुसखा मोठ्या प्रमाणावर वापरला. ‘जंजाविद’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या या टोळ्यांनी फूर, मसालित व झघावा गावे जाळली. त्या संघर्षात सुमारे तीन लाख माणसे दगावल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांनी २००८मध्ये दिला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००९ व २०१०मध्ये बशीर यांच्यावर अटक वॉरंट काढले. दुसऱ्यात वंशसंहाराचा आरोप होता. जंजाविदचा एक म्होरक्या अली कुशैब याला त्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये दोषी ठरवले. घटनेनंतर बावीस वर्षांनी, आणि अल-फाशर पडण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी.

जंजाविदमधूनच २०१३मध्ये आरएसएफ उभी राहिली. तिचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती, एके काळचा उंटांचा व्यापारी. बशीर त्याला शब्दखेळ करून ‘हिमायती’, म्हणजे ‘माझा रक्षक’, म्हणत असे सांगितले जाते. ‘हिमायत’ हा शब्द आपल्याही कानांना परका नाही. २०१७च्या कायद्याने या दलाला अधिकृत दर्जा मिळाला आणि ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत आले. बशीर यांचा हिशेब साधा होता. लष्कराने बंड केलेच तर त्याच्यासमोर उभे करायला दुसरे सैन्य हाताशी हवे. एप्रिल २०१९मध्ये हे दोन्ही सैन्यप्रमुख एकत्र आले, आणि त्यांनी मिळून बशीर यांनाच उचलून तुरुंगात टाकले.

३९ महिन्यांचा करार

डिसेंबर २०१८मध्ये अत्बारा या रेल्वे कामगारांच्या शहरातून, पावाच्या किमतीवरून, आंदोलन सुरू झाले. डॉक्टर, शिक्षक, वकील यांच्या व्यावसायिक संघटना आणि गल्लोगल्लीच्या ‘प्रतिकार समित्या’ यांनी ते देशभर नेले. स्त्रिया आघाडीवर होत्या. ६ एप्रिल २०१९पासून खार्तूममध्ये लष्करी मुख्यालयासमोर ठिय्या सुरू झाला आणि पाचव्या दिवशी, ११ एप्रिलला, बशीर गेले. ठिय्या मात्र उठला नाही. लोकांना सेनापती बदलून नको होता, सेनापतींनी बराकीत परत जायला हवे होते. ३ जून रोजी पहाटे सशस्त्र दलांनी तो ठिय्या मोडला. शंभराहून अधिक माणसे मारली गेली, आणि प्रेते नाईल नदीत टाकली गेली. त्या हत्याकांडाबद्दल वरच्या पातळीवरील कोणालाही आजवर शिक्षा झालेली नाही.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १७ ऑगस्ट २०१९ रोजी, आंदोलकांच्या आघाडीने त्याच सेनापतींबरोबर सत्तावाटपाच्या करारावर सह्या केल्या. ३९ महिन्यांचा संक्रमणकाळ ठरला. अर्थतज्ज्ञ अब्दल्ला हमदोक पंतप्रधान झाले. अकरा जणांची सार्वभौमत्व परिषद नेमण्यात आली. तिचे अध्यक्षपद आधी लष्कराकडे, म्हणजे जनरल अब्देल फत्ताह अल-बुऱ्हान यांच्याकडे, आणि उत्तरार्धात नागरी प्रतिनिधीकडे जायचे होते. हेमेदती परिषदेचा उपाध्यक्ष.

हा करार करायला नको होता असे मागाहून म्हणणे सोपे आहे. समोर दोन सैन्ये, पाठीशी ताजे हत्याकांड आणि रिकामी तिजोरी असताना आंदोलकांपुढे पर्याय फारसे नव्हते. तरीही कराराचे दोन सांधे पहिल्या दिवसापासून कच्चे होते, आणि लोकशाहीची घसरण तेथूनच सुरू झाली.

पहिला सांधा संसदेचा. नव्वद दिवसांत नेमावयाचे हंगामी विधिमंडळ कधीच अस्तित्वात आले नाही. परिणामी कायदे परिषद व मंत्रिमंडळ यांच्या संयुक्त बैठकीत होत राहिले, आणि सेनापतींना प्रश्न विचारणारे सभागृहच उरले नाही. दुसरा सांधा पैशाचा. देशाच्या सार्वजनिक उत्पन्नापैकी सुमारे ८० टक्के अर्थ मंत्रालयाच्या नियंत्रणाबाहेर आहे, असे हमदोक यांनी २०२०च्या अखेरीस सांगितले. लष्कराच्या कंपन्या पीठगिरण्यांपासून मांस निर्यातीपर्यंत पसरल्या होत्या, आरएसएफकडे सोन्याच्या खाणी होत्या. उरलेल्या तुटपुंज्या उत्पन्नावर नागरी सरकारने देश चालवायचा, कर्जमाफीसाठी इंधनाचे अनुदान बंद करायचे आणि तीनशे टक्क्यांवर गेलेल्या महागाईचे शिव्याशाप स्वतः झेलायचे, अशी ती वाटणी होती. अधिकार एकाकडे आणि बदनामी दुसऱ्याकडे.

सप्टेंबर २०२१मध्ये पूर्वेकडील बेजा समाजाच्या एका नेत्याच्या अनुयायांनी पोर्ट सुदानचे रस्ते अडवले. गहू, इंधन, औषधे अडकली आणि लष्कर शांतपणे पाहत राहिले. परिषदेचे अध्यक्षपद नागरी सदस्याकडे सोपवण्याची वेळ जवळ आली असतानाच, २५ ऑक्टोबर २०२१ रोजी, बुऱ्हान व हेमेदती यांनी मिळून सत्ता ताब्यात घेतली. हमदोक यांना नजरकैदेत टाकले, महिन्याभरात परत आणले. २ जानेवारी २०२२ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

या बंडाने एक गोष्ट अशी केली की जिचा अंदाज बहुधा बंडखोरांनाही नसावा. आतापर्यंत दोन सैन्यांच्या मध्ये नागरी सरकार नावाची एक उशी होती. ती काढून घेतल्यावर दोघे समोरासमोर आले. डिसेंबर २०२२मध्ये पुन्हा नागरी राजवटीकडे जाण्यासाठी एक चौकट करार झाला. त्यात आरएसएफचे लष्करात विलीनीकरण अपेक्षित होते. ते किती वर्षांत व्हावे? लष्कर म्हणे दोन, हेमेदती म्हणे दहा. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमझानच्या अखेरच्या आठवड्यात, खार्तूममध्ये गोळीबार सुरू झाला.

त्या आठवड्यांतील बातम्या महाराष्ट्रातील काही घरांनी श्वास रोखून पाहिल्या. श्वेत नाईल प्रांतातील केनाना साखर कारखान्यात काम करणारे सांगली परिसरातील अनेक जण तेथे अडकले होते. उसाच्या पट्ट्यातला माणूस उसामागे कोठवर जातो, याचे हे उदाहरण. ‘ऑपरेशन कावेरी’तून नौदलाची जहाजे पोर्ट सुदानहून जेद्दापर्यंत फेऱ्या मारत राहिली, खार्तूमच्या उत्तरेला वादी सय्यिदनाच्या दिवे नसलेल्या धावपट्टीवर हवाई दलाचे विमान रात्री उतरले. एकूण ३,८६२ जणांची सुटका झाली. आपली माणसे परतली आणि मराठी वृत्तपत्रांतून सुदान दिसेनासा झाला.

मसालितांची जमीन

दारफूरमधील हिंसेला ‘अरब विरुद्ध आफ्रिकी’ असे नाव दिले जाते. बाहेरच्या माणसाने हे शब्द जपून वापरावेत. दोन्ही बाजू मुस्लिम आहेत, दोन्ही कृष्णवर्णीय आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे विवाहसंबंध आहेत. फरक मातृभाषेचा, उपजीविकेचा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमिनीवरील हक्काचा आहे.

फूर सुलतानांच्या काळात जमीन ‘हकूरा’ म्हणून, शिक्क्याच्या सनदेने, वाटून दिलेली असे. आपल्याकडील वतन किंवा इनाम डोळ्यांसमोर आणले म्हणजे कल्पना येईल. त्यातून प्रत्येक मोठ्या शेतकरी समाजाचा स्वतःचा ‘दार’, म्हणजे मुलूख, ठरला. उंट राखणाऱ्या उत्तरेकडील अरब भटक्यांना मात्र असा मुलूख मिळाला नाही. पीक निघाल्यावर शेतांतून जाण्याचे ठरलेले मार्ग आणि तंटे सोडवणारे पंच यांवर व्यवहार चाले. १९७१मध्ये निमेरी यांनी पारंपरिक स्थानिक प्रशासन मोडीत काढले, १९८४-८५च्या दुष्काळाने वाळवंट दक्षिणेकडे ढकलले, लिबिया व चाडच्या युद्धांतून स्वस्त शस्त्रे आली. धनगराचा कळप आणि शेतकऱ्याचे उभे पीक यांचा तंटा आपल्यालाही ठाऊक आहे. तो तलाठी, सरपंच, फार तर तहसीलदार यांच्यापाशी संपतो. दारफूरमध्ये सरकारने निवाडा करण्याऐवजी एका पक्षाला बंदूक दिली, आणि ‘जिंकाल ती जमीन तुमची’ असे सुचवले.

मसालितांचा मुलूख तर १९१९पर्यंत स्वतंत्र सुलतानी होता, आणि कराराने सुदानमध्ये सामील झाला. १९९०च्या दशकात खार्तूमने त्याचे तुकडे पाडून अरब अमिरांची पदे निर्माण केली. २०२३मध्ये युद्ध सुरू होताच पश्चिम दारफूरची राजधानी अल-जनीना येथे या साऱ्याचा स्फोट झाला. १४ जून रोजी प्रांताचे मसालित राज्यपाल खमीस अबकर यांनी दूरचित्रवाणीवर आपल्या लोकांची कत्तल होत असल्याचे सांगितले. काही तासांतच त्यांची हत्या झाली. लोक चाडमधील अद्रे या सीमावर्ती गावाकडे पायी पळाले. त्या तीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर माणसांना थांबवून त्यांची जमात विचारली जात होती, आणि उत्तरावर जीव अवलंबून होता. एकट्या अल-जनीनात दहा ते पंधरा हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकाच्या अहवालात आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने आरएसएफ व तिच्या मित्रटोळ्यांनी वंशसंहार केल्याचा निष्कर्ष जाहीर केला.

लष्कराची बाजू स्वच्छ आहे असे मात्र नाही. दारफूरमधील बाजारांवर त्याने बॉम्ब टाकले आहेत, आणि अमेरिकेने जानेवारी २०२५मध्येच बुऱ्हान यांच्यावरही निर्बंध लादले. त्याच महिन्यात लष्कराने गेझिरा प्रांतातील वद मदनी परत घेतले, तेव्हा तेथील ‘कनाबीं’वर हल्ले झाले. कनाबी म्हणजे कालव्याच्या कापूसशेतीत राबणाऱ्या पश्चिमेकडील मजुरांच्या वस्त्या. आपल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या कायमच्या झाल्या, त्यांत तीन-चार पिढ्या जन्मल्या, पण जमीन व गावठाणातील हक्क कधीच मिळाले नाहीत, अशी कल्पना करावी. पश्चिमेकडचे म्हणजे आरएसएफचे, एवढ्या संशयावर तेथे माणसे मारली गेली. विजयी सैन्यामागून येणारा हा संशय उद्याच्या सुदानविषयी बरेच काही सांगतो.

सोन्याची वाट

२०११मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि सुदानच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश तेल त्याच्याबरोबर गेले. पुढच्याच वर्षी उत्तर दारफूरच्या जबल आमिर परिसरात सोने सापडले. २०१७च्या अखेरीस हेमेदतीच्या दलाने आपला जुना प्रतिस्पर्धी मूसा हिलाल याला पकडून त्या खाणी ताब्यात घेतल्या. त्यामुळे आरएसएफ हे खार्तूमच्या पगारावर अवलंबून नसलेले सैन्य झाले. येमेनमधील युद्धात सौदी-अमिराती आघाडीसाठी सैनिक पाठवून मिळालेला पैसा वेगळाच.

सुदानचे बरेचसे सोने हाताने खणले जाते. खणणारा ते पाऱ्याच्या साहाय्याने वेगळे करतो, गावचा व्यापारी घेतो, शहरात ते ओबडधोबड लगडीत ओतले जाते. तेथून काही अधिकृत निर्यात होते, काही चाड, लिबिया, इजिप्त वा दक्षिण सुदानच्या सीमेपलीकडे जाते, आणि बहुतेक वाटा दुबईकडे वळतात. शुद्धीकरण भट्टीत ते इतर सोन्याबरोबर वितळले की त्याचे मूळ गाव पुसले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध सोन्याला जन्मदाखला नसतो. दाखला असतो तो फक्त कागदावर. म्हणून सारे काही पहिल्या खरेदीदाराच्या कागदपत्रांवर अवलंबून राहते. अमिरातीने शुद्धीकरण कारखान्यांना सोन्याचा स्रोत तपासणे २०२३पासून बंधनकारक केले आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आर्थिक कृती दलाच्या करड्या यादीतून देश बाहेरही पडला. हे बदल खरे आहेत. सीमेपलीकडे नेऊन दुसऱ्या देशाच्या कागदावर चढवलेले सोने या चाळणीत अडकतेच असे नाही, हेही तितकेच खरे.

यातील सर्वांत बोचरी विसंगती अशी की लष्कराच्या ताब्यातील अधिकृत सोनेही मुख्यतः येथेच येत होते. २०२४मध्ये सरकारी हिशेबानुसार सुदानचे उत्पादन सुमारे ६४ टन होते आणि अधिकृत निर्यातीचा बहुतांश भाग अमिरातीला गेला. पोर्ट सुदानचे सरकार ज्या देशाला शत्रू म्हणत होते, त्याच देशाच्या बाजारातून त्याचा युद्धखर्च भागत होता. दोन्ही सैन्ये एकाच पेठेत सोने विकत असतील तर युद्ध थांबवण्याची घाई कोणाला?

देराच्या पेठेत अक्षय्य तृतीयेला वळे किंवा नाणे घेणाऱ्याला त्यातला कण कोठून आला हे कळण्याचा मार्ग नाही. ही साखळी मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंतही जाते: मे २०२२पासून लागू झालेल्या भारत-अमिरात करारात ठरावीक मर्यादेपर्यंतच्या सोन्याला आयातशुल्कात एक टक्का सवलत आहे. आपल्यापैकी जे बँकिंग, लेखापरीक्षण, मालवाहतूक वा अनुपालन या क्षेत्रांत काम करतात, त्यांच्यासमोर मात्र ही कागदपत्रे प्रत्यक्ष येतात. शेजारच्या छोट्या देशातून, त्याच्या स्वतःच्या उत्पादनाहून अधिक सोने येत असेल, तर प्रश्न विचारण्याची जागा ती आहे.

आरोप, नकार आणि न्यायालय

चाडमधील अमजरास विमानतळावरून आरएसएफला शस्त्रे पोहोचतात, या आरोपांना संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकाने जानेवारी २०२४च्या अहवालात ‘विश्वासार्ह’ म्हटले. अमिरातीने हे आरोप सातत्याने व स्पष्टपणे फेटाळले आहेत. आपली विमाने अमजरास येथील निर्वासितांच्या फील्ड रुग्णालयासाठी मदत नेतात, आपण कोणत्याही पक्षाला शस्त्रे देत नाही, अशी तिची भूमिका आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने हेमेदतीबरोबरच अमिरातीत नोंदलेल्या सात कंपन्यांवर निर्बंध लादले. या कंपन्यांकडे चालू परवाना नाही, असे येथील अधिकाऱ्यांनी सांगितले.

मार्च २०२५मध्ये सुदानने द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमिरातीविरुद्ध, मसालितांच्या वंशसंहारात सहभागाचा आरोप करून, दावा दाखल केला. ५ मे रोजी न्यायालयाने तातडीच्या उपायांची मागणी १४ विरुद्ध २ मतांनी नाकारली आणि प्रकरण ९ विरुद्ध ७ मतांनी यादीतून काढले. या निकालाचे अर्थ दोन्ही बाजूंनी सोयीने लावले गेले. न्यायालयाने आरोप खरे किंवा खोटे ठरवले नाहीत. वंशसंहारविरोधी कराराच्या नवव्या कलमाला अमिरातीने सामील होतानाच हरकत नोंदवली होती, त्यामुळे आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही, एवढेच म्हटले. याच कलमाला भारताचीही हरकत आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे. दुसऱ्याच दिवशी सुदानने अमिरातीशी राजनैतिक संबंध तोडले.

अमिरातीला सुदानमध्ये एवढा रस का, याची सार्वजनिक उत्तरे स्पष्ट आहेत: तांबड्या समुद्रावरील बंदर, शेतजमीन, सोने, आणि लष्कराच्या आश्रयाने राजकीय इस्लामवादी परततील ही भीती. शेवटची भीती निराधार नाही. बशीर यांच्या काळातील इस्लामवादी आज लष्कराच्या बाजूने लढत आहेत. रस असणारे इतरही आहेत. इजिप्त लष्कराच्या पाठीशी आहे, इराणी ड्रोन लष्कराकडे पोहोचली. इतके हितसंबंध गुंतलेले असताना युद्ध केवळ सुदानी उरत नाही, आणि शांततेची किल्लीही केवळ सुदानी हातांत राहत नाही.

दोन सरकारे, आणि एक तिसरे

मार्च २०२५मध्ये लष्कराने खार्तूमचा राष्ट्राध्यक्षीय प्रासाद परत मिळवला. त्याआधी फेब्रुवारीत बुऱ्हान यांनी २०१९च्या घटनात्मक मसुद्यात फेरफार करून लष्कराचे अधिकार वाढवले आणि ३९ महिन्यांचा संक्रमणकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला. मे महिन्यात कामिल इद्रिस यांना पंतप्रधान नेमले. नेमले हाच शब्द येथे योग्य आहे. आरएसएफने जुलैमध्ये दक्षिण दारफूरच्या न्यालातून समांतर सरकार घोषित केले, आणि तेही लोकशाही व धर्मनिरपेक्षतेची भाषा बोलते. दोन्हींकडे मंत्रिमंडळे आहेत, निवडून आलेला एकही माणूस नाही.

२०१९चे जे काही शिल्लक आहे ते तिसरीकडे आहे. त्या वेळच्या प्रतिकार समित्यांतील तरुणांनी युद्धात ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ उभारले. वस्तीवस्तीत ‘तकाया’ म्हणजे सामुदायिक अन्नछत्रे, दवाखान्याला लागणारे डिझेल, जखमींची ने-आण हे सारे तेच पाहतात; पैसा बराचसा परदेशातील सुदानींनी मोबाइलवरून पाठवलेला असतो. दोन्ही सैन्यांनी या स्वयंसेवकांना पकडले, मारले आहे. २०२५चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार ज्यांना जाहीर झाला त्यांत हे कक्ष आहेत. माझ्या ओळखीच्या एका सुदानी लेखापालाला महिन्याच्या पगारातून पहिला भाग अशाच एका अन्नछत्राला पाठवताना मी पाहिले आहे. घरभाडे त्यानंतर.

एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे या युद्धात घर सोडून गेली. नोव्हेंबर २०२५मध्ये अल-फाशर व कादुग्ली येथे दुष्काळ अधिकृतपणे घोषित झाला. अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त व अमिरात यांनी सप्टेंबरमध्ये तीन महिन्यांचा मानवतावादी युद्धविराम आणि त्यानंतर नऊ महिन्यांची नागरी सत्तांतराची प्रक्रिया सुचवली. आरएसएफने नोव्हेंबरमध्ये होकार कळवला आणि हल्ले चालू ठेवले. लष्कराने प्रस्ताव स्वीकारला नाही.

२०२५च्या अखेरीस लढाई कोर्डोफानमध्ये सरकली, जगाला अरबी डिंक पुरवणाऱ्या बाभळींच्या प्रदेशात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरएसएफने बाबनूसा घेतले, आणि ८ डिसेंबरला हेगलिग हे तेलक्षेत्र. ज्या ग्रेटर नाईल प्रकल्पात हेगलिग मोडते, त्यात ओएनजीसी विदेशने २००३मध्ये २५ टक्के हिस्सा घेतला होता. दक्षिण सुदानचे काही तेल हेगलिगमधून पोर्ट सुदानकडे जाते, म्हणजे त्या वेळी त्याची वाट आरएसएफने घेतलेल्या क्षेत्रातून निघून लष्कराच्या बंदरावर संपत होती. नळीतून तेल वाहत राहावे, यासाठी मात्र दोन्ही सैन्ये जुबाशी बोलायला तयार झाली.